गोष्टीतून अक्षर



आम्ही पडलो जिनातले मजूर. शाळा चौथीतच सुटली. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, रद्दीतल्या पुस्तकांवर. तेव्हा शिक्षणशास्त्रावर बोलण्याचा अधिकार आमचा नव्हे. परंतु गोष्टीतून मुलांना लिहावाचायला शिकवावे, हे रिद्धपुरात सांगायला संकोच कसला? ही वाट इथल्याच मंडळींची.

श्रीचक्रधरांचे 114 दृष्टांत केसोबासांनी 13व्या शतकात 'दृष्टांतपाठा'त बांधले. आधी सूत्र, मग दृष्टांत, शेवटी त्याचा उलगडा. 'लीळाचरित्रा'त तर शेणाच्या आणि मेणाच्या घराची गोष्टही सापडते. इसाप मराठीत छापला गेला तो 1806 साली, तंजावरास. म्हणजे पाचशे वर्षांनी.

आमच्या रात्रीच्या वर्गात मजुरांची पोरे येतात. फळ्यावर आम्ही दोनच शब्द लिहितो : शेण आणि मेण. एक अक्षर पुसले की घर पावसात वाहून जाते, दुसरे लिहिले की टिकते. 'श' आणि 'म' यांतला फरक मग छडीने शिकवावा लागत नाही. गोष्ट ऐन रंगात आली की आम्ही तोंड मिटतो आणि पुढचे वाक्य फळ्यावर लिहितो. ज्याला चिमणीचे काय झाले ते हवे, त्याने वाचावे!

तात्पर्य मात्र आम्ही सांगत नाही. उलगडा करणे केसोबासांना शोभले. आम्ही केला की पोरे जांभया देतात. आंधळे आणि हत्ती सांगून झाल्यावर एका पोरीने पाटीवर लिहिले, "त्याहीनं जागा काऊन नाही बदलली?" ऱ्हस्वदीर्घ चुकले होते. आम्ही ते तसेच ठेवले.

महानुभावांनी पुढे आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. त्यांची कारणे त्यांच्यापाशी. पण आमच्या आईला बाळबोधही सांकेतिकच होती. एका जिनात तिने कागदावर अंगठा उठवला आणि तीन आठवड्यांची मजुरी बुडाली. कागदावर शब्द होता 'पावली'. मुकादमाने तिला सांगितले होते, ही हजेरी आहे.

परवा त्याच पोरीने आपल्या आईची मजुरीची चिठ्ठी वर्गात आणली. बोट ठेवून, अडखळत तिने ती वाचली, आणि म्हणाली, "काका, यात दोन दिवस कमी हायेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ती चिठ्ठी घेऊन फाटकावर गेलो. पोरगीही बरोबर आली होती.