सुट्टीचा दिवस आणि पाखरे

पक्षी पाहणे हा सुखवस्तूंचा शौक, असा समज आहे. आम्ही काही कामगार गेल्या आश्विनातल्या एका रविवारी माचाळचा डोंगर चढलो आणि उतरत्या उन्हात तालुक्यातल्या एका धरणाच्या काठी बसलो. चिखलात धोबी पक्षी शेपटी हलवीत किडे टिपीत होता. गणपती आटोपून आपला चाकरमानी मुंबईस परततो, त्याच सुमारास हा हिमालयाकडून इकडे येतो. दोघेही पोटासाठी घर सोडणारे!

पाखरे पाहावयास डोळे लागतात आणि मोकळा दिवस लागतो. डोळे जन्मतःच मिळाले. रविवार मात्र 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे आणि गिरणी कामगारांनी झगडून मिळविला. दुकानातल्या ज्या पोराला तो आजही मिळत नाही, त्याला आधी तो मिळवून देऊ. मग धरणावर सोबत नेऊ.