तीन रंगांची वाट

जुनी वस्तु टाकून नवी घेणें हा काळाचा धर्म समजला जातो. परंतु अमेरिकेंत व युरोपांत असे कांहीं हौशी लोक आहेत कीं, जे गेल्या शतकाच्या अखेरचे, कांचेच्या नळीचे जड टेलिव्हिजन-संच शोधशोधून घरीं आणतात. त्या काळचे व्हिडिओ-खेळ त्या काळच्याच पडद्यावर खेळावे, हा त्यांचा हेतु. सेगा कंपनीचें मेगा ड्राइव्ह हें यंत्र जपानांत १९८८ सालीं निघालें व निन्टेन्डोचें सुपर फॅमिकॉम १९९० सालीं. त्यांचीं चित्रें अशा नळीसाठींच रेखाटलेलीं होतीं.

रंगीत नळींत तांबडा, हिरवा व निळा या रंगांसाठीं तीन निरनिराळे इलेक्ट्रॉन-झोत असतात. खेळाच्या यंत्राच्या पोटांतही चित्र याच तीन रंगांत सिद्ध होतें. मग तें पडद्यावर अंधुक कां उमटावें? दोष यंत्राचा नव्हे, संचाचाही नव्हे. तो मधल्या वाटेचा आहे.

१९५३ सालीं अमेरिकेंत रंगीत प्रक्षेपणाची एनटीएससी पद्धति मंजूर झाली, तेव्हां घरोघरीं कृष्णधवल संच होते. ते निरुपयोगी होऊं नयेत म्हणून उजेडाच्या संदेशांतच रंगाचा संदेश मिसळण्यांत आला. या मिश्र संदेशास कंपोझिट म्हणतात. तीळ, मोहरी आणि खसखस एकाच पुरचुंडींत बांधून पाठवावी व घेणाऱ्यानें ती पुन्हां निवडावी, तसा हा प्रकार. निवड कितीही काळजीनें केली तरी थोडी मिसळ राहतेच. म्हणून अक्षरांच्या कडांवर ठिपके सरपटतात आणि तांबडा रंग शेजारीं पसरतो.

यावर उपाय सरळ आहे. तिन्ही रंग तीन वेगळ्या तारांनीं न्यावे. फ्रान्समध्यें एकवीस टोकांचें स्कार्ट सॉकेट १९८० च्या सुमारास नव्या रंगीत संचांवर सक्तीचें झालें व पुढें तें युरोपभर पसरलें. अमेरिकेंत मात्र ही सोय रुजली नाहीं. यंत्रांतून तिन्ही रंग वेगळे निघत, पण घरगुती संचांत त्यांना दारच नव्हतें.

तेथील हौशी लोकांनीं हें दार शोधून काढलें. आवाज वाढवितांना पडद्यावर जी पट्टी उमटते, ती पुष्कळ संचांत तिन्ही रंगांच्या वेगळ्या संदेशांनीं चित्राच्या मुख्य चिपमध्यें शिरते. त्याच वाटेवर ते आपल्या तारा झाळून जोडतात. ७५ ओहमचे रोधक लावून संदेश सुमारें ०.७ व्होल्टवर आणतात आणि आंतील चित्र दाखवावें कीं बाहेरचें, हें सांगणारी चौथी तार देतात. रेघा ओढण्याची गति दोहोंकडे सारखीच, म्हणजे सेकंदास सुमारें १५,७००. त्यामुळें चित्र बिनचूक बसतें.

परंतु हें काम पोरखेळ नव्हे. मोठ्या रंगीत नळीवर वीस हजारांहून अधिक व्होल्टचा दाब असतो आणि विजेची तार काढल्यावरही तो कांहीं काळ आंत दबा धरून राहतो. कांहीं संचांचा सांगाडा घरच्या विजेपासून अलग केलेला नसतो. अशा संचास बाहेरचें यंत्र जोडणें प्राणावर बेतूं शकतें. संचाचा नकाशा वाचतां येत नसेल, त्यानें झांकण उघडूं नये. असे संच बनविणें मोठ्या कारखान्यांनीं केव्हांच थांबविलें आहे; बिघडलेल्या संचाची भरपाई पैशानें होत नाहीं.

आणखी एक गंमत अशी कीं, प्रत्येक चित्रास ही स्वच्छता मानवतेच असें नाहीं. १९९१ सालच्या सॉनिक या खेळांतील धबधबा बारीक उभ्या पट्ट्यांचा आहे. मिश्र संदेशांत त्या एकमेकींत विरून पाणी पारदर्शक भासतें. रंग वेगळे येतांच पट्ट्या उघड्या पडतात. म्हणून जाणते लोक नवी वाट काढतांना जुनें सॉकेटही शाबूत ठेवतात.

१९५३ सालच्या अभियंत्यांनीं रंग आणतांना जुन्या संचाला सोडलें नाहीं. त्यांनीं केलेल्या मिश्रणाचा दोष आज दूर करणारे लोकही तोच धडा गिरवीत आहेत. नव्याला वाट करून द्यावी, पण जुन्याची वाट बुजवूं नये.