'लिफ्ट गेली' म्हणजे नेमकं काय गेलं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि 'तुझ्या कामातलंच काहीतरी सांग' असं फर्मान काढलंय. माझं काम जुने ट्रॅक्टर दुरुस्त करण्याचं. या हॉलमध्ये डॉक्टर आहेत, बँकेतले आहेत, काही जण विमानानं आलेत. पण तुमच्यातल्या अनेकांच्या गावाकडच्या शेडमध्ये वडिलांच्या वेळचा एक ट्रॅक्टर अजून उभा आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. कारण जून उजाडला की तुमचे फोन मलाच येतात. वाक्य बहुतेक वेळा एकच असतं : 'अरे, लिफ्ट गेली.'

डॉक्टर मंडळी, तुमच्याकडे पेशंट येऊन 'पोटात दुखतंय' म्हणतो ना, तसंच हे. त्यावरून ऑपरेशन करत नाहीत.

आता आधी थोडं शास्त्र. सर समोर बसलेत म्हणून जरा भीतभीतच सांगतो. नववीत सरांनी दोन सिरिंजी नळीनं जोडून आणल्या होत्या, एक बारीक, एक जाड. बारीक दाबली की जाडीवर ठेवलेलं पुस्तक वर जायचं. तो पास्कलचा नियम. ट्रॅक्टरच्या सीटखाली तेच आहे. पंप तेलाला दाब देतो, तेल सिलिंडरमध्ये जातं, पिस्टन सरकतो, मागचे दोन हात वर येतात. दर चौरस सेंटिमीटरला १०० किलोचा दाब असेल आणि पिस्टन ४० चौरस सेंटिमीटरचा असेल, तर जोर ४००० किलोंचा. म्हणून नऊ फणांचा कल्टिव्हेटर एका बोटानं उचलता येतो.

याच तत्त्वावर जोसेफ ब्रामा नावाच्या इंग्रज कारागिरानं १७९५ साली दाबयंत्राचं पेटंट घेतलं. त्याची खरी डोकेदुखी होती गळती. दाब वाढला की पिस्टनच्या कडेनं पाणी निसटायचं. त्याच्याच कारखान्यातल्या हेन्री मॉडस्लेनं चामड्याची अशी कडी बसवली, की दाब वाढेल तशी ती भिंतीला आणखी घट्ट चिकटेल. दोनशे वर्षं झाली, चामड्याच्या जागी रबर आलं, पण दुखणं तेच आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अवजार ट्रॅक्टरला तीन जागी जोडून तेलाच्या दाबानं उचलायची पद्धत रुळवली ती आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसननं. १९३८ साली त्यानं आणि हेन्री फोर्डनं कागदाशिवाय, नुसत्या हस्तांदोलनावर करार केला, आणि १९३९ मध्ये त्यांचा ट्रॅक्टर बाजारात आला. पुढे फर्ग्युसन फोर्ड कंपनीविरुद्ध कोर्टातही गेला, पण ते राहू द्या. आपल्याकडच्या कुठल्याही ट्रॅक्टरच्या मागे दोन खालचे हात आणि वर एक टॉप लिंक दिसते, ती या माणसाची.

आता मूळ गोष्ट. आमच्या भावकीतल्या एक वहिनी आहेत, औसा तालुक्यात. दादा गेल्यापासून सात एकर त्याच बघतात. ट्रॅक्टर जुना, ३५ अश्वशक्तीचा, दादांनी घेतलेला. मागच्या जूनमध्ये पाऊस झाला, वाफसा आला, सोयाबीनचं बियाणं घरात येऊन पडलेलं, आणि पेरणी यंत्र वर राहीना. तालुक्याच्या एका गॅरेजवाल्यानं ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली आणि सांगितलं, 'पंप गेला. नवा टाकावा लागंल. आठ दिवस ठेवा.' त्यानं सांगितलेला आकडा बियाणं आणि खत मिळून झालेल्या खर्चापेक्षा मोठा होता. आठ दिवसांत वाफसा कुठे राहतो, हे शेतकऱ्याच्या पोरांना सांगायला नको. वहिनींनी रात्री फोन केला. म्हणाल्या, 'भाऊजी, विकून टाकू का हा? गिऱ्हाईक आहे.'

मी म्हटलं, 'वहिनी, विकायचं उद्या बघू. आधी मी विचारतो तेवढं करून सांगा.'

पहिलं तेल. या ट्रॅक्टरात गिअरचं आणि लिफ्टचं तेल एकच असतं. ट्रॅक्टर सपाट जागी, हात खाली, इंजिन बंद, मग पट्टी काढून बघायची. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि कण्हतो. तेल दुधासारखं पांढरं दिसलं तर पाणी शिरलंय; उघड्यावर उभ्या ट्रॅक्टरात गिअरच्या दांड्याच्या फाटक्या रबरातून पावसाचं पाणी आत जातं. वहिनींचं तेल पातळीला होतं, रंगही बरा. मग लीव्हर आणि बाहेरचे सांधे. तेही ठीक.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. 'बियाण्यानं भरलेलं यंत्र वर जातं का?' 'जातं की. रोजच्यासारखंच जातं.' इथेच पंप निर्दोष सुटला. दमलेला पंप भरलेलं ओझं रडतखडत उचलतो, तेल तापल्यावर तर उचलतच नाही. 'वर गेल्यावर काय होतं?' वहिनी म्हणाल्या, 'कोंबडी दाणे टिपती तशी मान हलवतंय.' यापेक्षा नेमकं वर्णन मी कुठल्या मॅन्युअलमध्ये वाचलेलं नाही. तेल आतून निसटतं, हात जरा खाली येतात, व्हॉल्व्हला ते कळतं, पंप पुन्हा भरतो, हात पुन्हा वर. 'आता इंजिन बंद करा, लांब उभं राहा आणि आकडे मोजा.' शंभर मोजायच्या आत यंत्र जमिनीला टेकलं.

म्हणजे उचलणारा भाग ठणठणीत, धरून ठेवणारा गळका. दोन्ही दुखण्यांना आपण 'लिफ्ट गेली' असंच म्हणतो, आणि बिलात मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

दुसऱ्या दिवशी चेनपुली आणि तिपाई घेऊन गेलो. उघडण्याआधी गळती कुठे आहे ते बघायचं होतं. बाजूची झाकणपट्टी काढली, यंत्र वर उचलून इंजिन बंद केलं आणि बाहेरूनच बॅटरीचा उजेड आत टाकला. तेल पंपाच्या व्हॉल्व्हकडून येतंय, नळीच्या सांध्यातून, की सिलिंडरच्या तोंडातून? सिलिंडरच्या तोंडातून धार लागली होती. (एक सांगून ठेवतो. गळती हातानं चाचपायची नाही. दाबाखालचं तेल कातडीतून आत घुसतं. डॉक्टर सांगतील त्याचं पुढे काय होतं. आणि उचललेल्या अवजाराखाली कुणीही, दोन मिनिटंसुद्धा, जायचं नाही. खोलण्याआधी ते जमिनीवर टेकवायचं.)

मग सीट काढली, लिफ्टचं वरचं झाकण चेनपुलीनं उचललं. ते अवजड धूड आहे, दोघांनी हातानं उचलायच्या फंदात पडू नये. सिलिंडर सोडवला, पिस्टन बाहेर काढला. त्यावरची रबराची ओ-रिंग चपटी झालेली, एका जागी चिरलेली. सिलिंडरच्या आतून नखानं चाचपलं, ओरखडा नव्हता. असता तर नुसत्या रिंगनं भागलं नसतं. नवी रिंग, तिच्या पाठीशी आधाराची कडी, झाकणाखाली नवं पॅकिंग, गाळणी धुऊन बसवली, तेल बदललं. सगळ्यात जास्त पैसे तेलालाच लागले.

दिवस मावळताना यंत्र भरून वर उचललं आणि इंजिन बंद केलं. वहिनींनी चहा केला. चहा झाला, भांडी विसळून झाली, यंत्र होतं तिथेच होतं. पहाटे पाचला त्यांच्या पोरानं पेरणी धरली आणि तिसऱ्या दिवशी सात एकर उरकलं.

तुमच्या घरचा जुना ट्रॅक्टर भंगारात घालायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण फोन कराल तेव्हा 'लिफ्ट गेली' एवढं सांगून ठेवू नका. भरलेलं ओझं वर जातं का, मान हलते का, आणि इंजिन बंद केल्यावर किती आकड्यांत टेकतं, एवढं बघून मग करा.

आणि ती चिरलेली ओ-रिंग मी आज बरोबर आणली आहे. सर, आधी तुम्ही बघा आणि मग मागच्या रांगेकडे पाठवा. तेलकट आहे, तेवढं कपड्यांना जपा.