शटर किती चाललंय?

फोटोग्राफी शिकायला येणाऱ्या मुलांकडून एक प्रश्न मला हमखास येतो. जुन्या बाजारात कॅमेऱ्याची एखादी बॉडी त्यांच्या नजरेत भरलेली असते. मोबाइल पुढे करून ती दाखवतात आणि म्हणतात, "सर, शटर काउंट ऐंशी हजार आहे. घेऊ का?" शटर काउंट म्हणजे कॅमेऱ्याचं शटर आजवर किती वेळा चाललं तो आकडा. विचारणारा बहुतेक तालुक्याच्या गावचा असतो. घरातून थोडे, मित्रांकडून थोडे असे पैसे जमवलेले असतात आणि तुळशीचं लग्न लागलं की सुरू होणाऱ्या मोसमात त्याच कॅमेऱ्यावर त्याला पोट भरायचं असतं. त्यामुळे नुसतं "घे" किंवा "नको" म्हणून त्याची बोळवण करणं मला जमत नाही. आज वेळ आहे, तर हे उत्तर नीट देतो.

आधी शटर ही वस्तू डोळ्यांसमोर आणू. दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर कॅमेऱ्यातून सुटं काढलेलं शटर कधी पाहायला मिळालं तर जरूर हातात घेऊन पाहा. तळहातावर मावेल एवढी एक चौकट, तिच्या मध्यभागी ३६ बाय २४ मिलिमीटरची खिडकी. खिडकीच्या वर आणि खाली काळी, बिनचमकीची, कागदासारखी पातळ पाती एकावर एक मिटून बसलेली असतात. वरच्या पात्यांचा एक पडदा, खालच्यांचा दुसरा. प्रत्येक पातं बारीक रिबिटांनी दोन नाजूक दांड्यांना जोडलेलं. चौकटीच्या एका अंगाला स्प्रिंगा, दातेरी चाकं आणि दोन छोटे विद्युतचुंबक. ताणलेल्या स्प्रिंगा हे चुंबक धरून ठेवतात. बटण दाबलं की पहिला चुंबक सोडतो, पहिला पडदा खाली कोसळतो आणि सेन्सरवर उजेड पडू लागतो. ठरलेला वेळ झाला की दुसरा चुंबक सोडतो आणि मागून दुसरा पडदा येऊन खिडकी झाकतो. मग मोटर पुन्हा स्प्रिंगा ताणून ठेवते. डीएसएलआरमध्ये या सगळ्याच्या आधी आरसा वर उचलला जातो आणि नंतर खाली येतो. कॅमेऱ्याचा जो "खटॅक" आपण ऐकतो, त्यात एवढी कामं उरकलेली असतात.

वेगाचा जरा हिशेब करू. चांगल्या शटरचा पडदा २४ मिलिमीटरचं अंतर साधारण सेकंदाच्या तीनशेव्या भागात कापतो. म्हणजे सरासरी वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या घरात गेला. जागेवरून सुटून एवढा वेग घ्यायचा आणि बोटाच्या पेराएवढ्या अंतरात पुन्हा थांबायचं. थांबताना जो दणका बसतो तो चौकटीच्या कडेचे रबराचे बारीक गट्टू सोसतात. १/८००० सेकंदावर फोटो काढला तर खिडकी कधीच पूर्ण उघडत नाही. पहिल्या पडद्याच्या पाठीला लागूनच दुसरा निघतो आणि दोघांच्या मधली जेमतेम एक मिलिमीटरची फट सेन्सरवरून सरकत जाते. अशा कामाला साधा पत्रा टिकत नाही. निकॉनने १९८२ साली एफएम-२ काढला तेव्हा १/४००० चा वेग गाठण्यासाठी पाती टायटॅनियमची केली होती आणि वजन उतरवण्यासाठी त्यांच्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी कोरली होती. पुढे कार्बन फायबर आणि केवलारच्या मिश्रणाची पाती आली.

आता आकड्याकडे वळू. कंपन्या शटर सलग चालवून त्याची चाचणी घेतात आणि मग एक आकडा जाहीर करतात. कॅननच्या फाइव्ह-डी मार्क थ्रीला दीड लाख, निकॉनच्या डी-८५० ला दोन लाख, कॅननच्या वन-डी एक्सला चार लाख. हा आकडा म्हणजे मुदत नव्हे, आणि वॉरंटी तर नव्हेच. या मॉडेलचं शटर साधारण इथवर निभावेल अशी अपेक्षा ठेवा, एवढंच त्यात म्हटलेलं असतं. काही शटरं निम्म्यावरही पोचत नाहीत, काही दुप्पट चालूनही कुरकुरत नाहीत. ऐंशी हजार ऐकून घाबरायचं कारण नाही ते यासाठी, आणि वीस हजार ऐकून निर्धास्त व्हायचंही नाही ते याचसाठी.

दीड लाख म्हणजे किती, हेही समजून घेऊ. रोलच्या काळात एका रोलवर ३६ फोटो यायचे. त्या मापाने दीड लाख म्हणजे चार हजारांहून जास्त रोल झाले. एवढे रोल विकत घेऊन धुऊन आणायला किती जणांची ऐपत होती? शटर झिजण्याच्या आधी खिसा झिजायचा, म्हणून शटरच्या आयुष्याची चर्चा त्या काळात कानावर पडत नसे. डिजिटल आलं आणि बोटावरचा लगाम सुटला. हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टका, हार घालणं, सप्तपदी, वरात. एका लग्नाचे तीन हजार फोटो सहज होतात. अंतरपाट खाली येतो त्या क्षणी तर बोट बटणावरून उठतच नाही. मोसमात चाळीस लग्नं केली तर हिशेब एक लाख वीस हजारांवर जातो. तोच कॅमेरा सुट्टीत गडावर जाणाऱ्या हौशी माणसाकडे असता, वर्षाला पाच हजार फोटो काढून दीड लाखाला पोचायला त्याला तीस वर्षं लागली असती. त्याच्या कॅमेऱ्यात शटरच्या आधी दुसरंच काही तरी जाणार.

शटर जातं म्हणजे नेमकं काय होतं? कधी रिबीट ढिली होऊन एखादं पातं निखळतं आणि वाकडं अडकून बसतं. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर एररचा आकडा येतो आणि काम तिथेच थांबतं. निखळलेल्या पात्याची कड सेन्सरवरच्या काचेला लागली तर खर्च कुठच्या कुठे जातो. पण अशी अचानक वेळ येण्याआधी पुष्कळदा लक्षणं दिसतात, आणि ती ओळखता येतात. वंगण वाळतं किंवा उडतं, स्प्रिंग थकते, चुंबकाच्या तोंडावर घाण बसते, मग दोन पडद्यांचा मेळ बिघडतो. दुसरा पडदा एखाद्या जागी सेकंदाचा दहा हजारावा भाग रेंगाळला असं धरा. १/६० वर हा उशीर कुणाच्या डोळ्यांना दिसायचा नाही. पण १/८००० वर मुळात उजेड पडण्याचा वेळच त्याच्या आसपास असतो, म्हणून तिथे फोटोचा तेवढा भाग जवळजवळ दुप्पट उजळ येतो. उलट दुसऱ्याने पहिल्याला गाठलं तर फट मिटते आणि फोटोच्या एका कडेला काळपट पट्टा येतो. शटरचं म्हातारपण आधी वरच्या वेगावर कळतं ते असं.

मागे एक विद्यार्थी जुनी फाइव्ह-डी मार्क थ्री पाहायला मला सोबत घेऊन गेला होता. विकणाऱ्याने आकडा दाखवला, ऐंशी हजारांच्या आतला. बॉडी स्वच्छ, ग्रिपचं रबरही नवं. आम्ही अंगणात गेलो आणि उन्हातल्या चुन्याच्या भिंतीकडे कॅमेरा धरला. फोकस मॅन्युअल, अ‍ॅपर्चर मधलं, आणि उजेड कायम राहावा म्हणून आयएसओ वेगाच्या जोडीने वाढवत १/२५० पासून वर चढत गेलो. १/१००० पर्यंत भिंत सगळीकडे सारखी पांढरी. १/२००० वर वरच्या कडेला शंका घ्यावी एवढी सावली. १/४००० वर तीच सावली बोटभर रुंद झाली, आणि १/८००० वर फोटोचा वरचा तुकडा सरळ काळा. विकणाऱ्यालाही हे ठाऊक नव्हतं, कारण लग्नाच्या हॉलमध्ये १/२०० च्या वर जायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे. ती दिवसाच्या उजेडातच करा. एलईडीखाली किंवा ट्यूबखाली दिव्यांच्या लुकलुकण्यानेच पट्टे येतात आणि चांगल्या शटरवर नाहक आळ येतो.

दोष नव्या कॅमेऱ्यातही असू शकतो, हेही सांगायला हवं. निकॉनचा डी-६०० हा कॅमेरा २०१२ साली आला. त्याच्या फोटोंवर बारीक डाग येऊ लागले आणि साफ करूनही ते पुन्हा येत राहिले. पुढच्याच वर्षी कंपनीने नव्या शटरचा डी-६१० आणला, आणि २०१४ मध्ये वॉरंटी संपलेल्या डी-६०० धारकांनाही तपासणी, सफाई आणि शटर बदलून देण्याची सोय मोफत केली. शटर काउंटच्या आकड्यावरून अशी गोष्ट कधीच कळली नसती. सेन्सरवरचे डाग पाहायला अ‍ॅपर्चर बारीक करून निरभ्र आकाशाचा एक फोटो पुरतो. भिंतीच्या परीक्षेनंतर लगेच तोही काढा.

आकडा आणखी एका ठिकाणी फसवतो, आणि आपल्याकडे हे फार घडतं. डीएसएलआरवर व्हिडिओ घेताना आरसा वर आणि शटर उघडं असतं. क्लिप दोन मिनिटांची असो की वीस, शटर तेवढ्यात पुन्हापुन्हा पडत नाही. त्यामुळे दोन मोसम फक्त लग्नाच्या व्हिडिओसाठी राबलेल्या बॉडीवर दहा हजारांचा आकडा दिसू शकतो. शटर कोवळं, पण सेन्सर तासन्‌तास तापलेला, बटणं आणि कार्डाची खाच घासलेली. तेव्हा आकडा किती हे विचारताना कॅमेरा कशासाठी वापरला हेही विचारा, आणि एचडीएमआयची पिन लावून पाहा. ती सैल झाली असेल तर कॅमेऱ्याची दिनचर्या काय होती ते आपोआप कळतं.

आकडा कुठे सापडतो? निकॉनचे कॅमेरे तो फोटोच्या फाइलमधल्या नोंदीत लिहून ठेवतात. ताजा, हात न लावलेला मूळ फोटो मागून घ्या आणि नोंदी वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. कॅननच्या बहुतेक बॉडींमध्ये तो फाइलमध्ये येत नाही, कॅमेरा केबलने कॉम्प्युटरला जोडूनच वाचावा लागतो.

जपण्याबद्दल थोडंसंच सांगतो. पात्यांना बोट लावू नका आणि दाबाच्या हवेचा डबा त्यांच्यावर कधीही मारू नका, हाताचा रबरी ब्लोअर पुरे. सेन्सर साफ करायला घ्याल तेव्हा बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या. काम अर्ध्यावर असताना बॅटरी संपली तर शटर आत घातलेल्या काडीवर मिटतं आणि पाती वाकतात. कोकणात पावसाळ्याचे चार महिने कॅमेरा बॅगेत कोंडून ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा आणि अधूनमधून बाहेर काढून दहा-वीस फोटो काढा. न वापरलेलं यंत्रही आखडतं.

आता ही पातीच नाहीशी व्हायला लागली आहेत. २०२१ च्या निकॉन झेड-९ मध्ये यांत्रिक शटर अजिबात नाही. त्याचा सेन्सर इतक्या झटपट वाचला जातो की पडद्याची गरज उरत नाही, आणि क्लिकचा आवाज हवा असेल तर तो स्पीकरमधून वाजवावा लागतो. सोनीच्या ए-९ थ्रीमध्ये तर पूर्ण सेन्सर एकाच क्षणी वाचला जातो. पण हे महागडे कॅमेरे झाले. मध्यम किमतीच्या पुष्कळ मिररलेस कॅमेऱ्यांचा सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचायला अजून वेळ घेतो. त्यांच्यावर आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावून हॉलच्या एलईडी दिव्यांखाली फोटो काढलेत, तर नवरीच्या शालूवर आडवे पट्टे येण्याची भीती असते. तिथे पडदाच हवा. त्यातही निम्मा उपाय आहे. पहिल्या पडद्याचं काम इलेक्ट्रॉनिक आणि दुसऱ्याचं यांत्रिक, अशी सोय बहुतेक मिररलेसमध्ये मिळते. मिररलेसमध्ये खिडकी एरवी उघडीच असते, म्हणून पूर्ण यांत्रिक शटरला आधी मिटून मग उघडावं लागतं. या सोयीमुळे ती एक हालचाल वाचते.

राहता राहिलं शटर बदलणं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि याबद्दलच गैरसमज जास्त आहेत. शटर गेलं म्हणजे कॅमेरा गेला असं समजून चांगल्या बॉडी कपाटात पडून असतात किंवा मातीमोल भावाने जातात. शटर हा बदलायचाच भाग आहे. सुटा भाग मिळत असेल तर व्यावसायिक बॉडीचं शटर बदलण्याचा खर्च नव्या बॉडीच्या मानाने कितीतरी कमी येतो. ज्या वरच्या वेगांवर जुनं शटर डगमगत होतं, ते वेग शटर बदलल्यावर दुरुस्तीवाल्याने यंत्रावर मोजून जुळवून दिले आहेत का, एवढं मात्र पाहा. नसतील तर पुन्हा भिंतीसमोर उभं राहा.

आणि एक गोष्ट लक्षात असू द्या. शटर बदललं तरी कॅमेऱ्यातला आकडा अनेकदा जुनाच राहतो, कारण तो मुख्य सर्किटमध्ये नोंदलेला असतो. बाजारात सव्वादोन लाखांचा आकडा पाहून सगळे पाठ फिरवतात अशी एखादी बॉडी तुम्हाला दिसेल. तिच्या मालकाकडे शटर बदलल्याचं बिल मागा, बिलावरचा बॉडीचा नंबर कॅमेऱ्याच्या तळाशी लिहिलेल्या नंबराशी ताडून पाहा, आणि दोन्ही जुळले तर त्या दिवसानंतर किती फोटो निघाले ते विचारा.