गळावरची माशी

ट्राउट मासा मूळचा आपल्याकडचा नव्हे. ब्रिटनमधून तो काश्मीरात आला आणि तेथून १९०९ च्या सुमारास कुलूच्या खोऱ्यात. त्याच्यामागून कृत्रिम माशी बांधण्याची विलायती कलाही आली. नोकरीनिमित्त हिमाचलात असता आम्ही ती शिकलो. (घरच्या मंडळींच्या मते आम्ही माश्याच मारीत होतो!)

मेण लावलेल्या दोऱ्यावर सशाची लव चिमटीने वळून ती गळाच्या दांडीवर गुंडाळावयाची, वर सोनेरी तारेचे वेढे द्यावयाचे. आम्ही प्रथम राठ केस वेचून टाकून मोठी सुबक माशी बांधली. मासा तिच्याकडे फिरकेना. लव अंग भरते, परंतु मधून डोकावणारे राठ केसच पाण्यात पायांसारखे हलतात, हे मागाहून उमगले.

एका स्नेह्यांनी पाणमांजराचे कातडे आणून दिले. लव इतकी दाट, की त्यावरून हात निघेना. परंतु १९७२ च्या वन्यजीव कायद्यान्वये ते बाळगणे गुन्हा. आम्ही परत केले आणि पाळीव सशाच्या विंचरलेल्या केसांवर भागविले. त्या माशीला तीर्थन नदीत वीतभर ट्राउट लागला. तो आम्ही सोडून दिला. ते स्नेही मात्र पुन्हा आमच्या घरी आले नाहीत.