उद्यानाचें दार

मराठी घराला उंबरठा असतो आणि त्याचा व्यवहारी उपयोग शोधूं गेलें तर फारसा सांपडत नाहीं. अडखळून पडणाऱ्यांची संख्या मात्र मोठी. तरीहि तो काढून टाकावा असें कोणास वाटत नाहीं. बाहेरचें जग येथें संपलें आणि घर सुरू झालें, हें पायाला कळावें एवढ्यासाठींच तो आहे. गांवाची वेस, वाड्याचा दिंडीदरवाजा, देवळाचें महाद्वार व त्यावरचा नगारखाना, हीं सारीं त्या उंबरठ्याचींच मोठीं रूपें होत. पंढरपूरच्या महाद्वाराशीं नामदेवाची पायरी आहे. वारकरी तिच्यावर पाय देत नाहीं. तिला नमस्कार करून पुढें जातो. दर्शन गाभाऱ्यांत व्हावयाचें असलें तरी मनाची तयारी त्या पायरीपाशींच झालेली असते. आणि दार म्हणजे केवळ शोभेचें काम नव्हे, हेंहि पंढरपूरनेंच दाखविलें आहे. 1947 च्या मे महिन्यांत साने गुरुजींनीं तेथें उपोषण केलें, तें दार कोणाला उघडावें या एकाच प्रश्नासाठीं.

देवळाच्या रचनेंत जें शतकानुशतकें मुरत गेलें, तें करमणुकीच्या उद्यानांना हिशेब करून बसवावें लागलें. ज्यांना थीम पार्क म्हणतात अशा उद्यानांत एखादी कल्पना धरून सारी सृष्टि उभारलेली असते, आणि त्या कल्पनेवर पाहुण्याचा विश्वास बसला नाहीं तर पुढचा सगळा खर्च वायां जातो. हा विश्वास बसवावयाचा तो प्रवेशाच्या पहिल्या कांहीं मिनिटांतच. याचें सर्वांत अभ्यासिलें गेलेलें उदाहरण अमेरिकेंतील आहे. 17 जुलै 1955 रोजीं कॅलिफोर्नियांत अॅनाहाइम येथें वॉल्ट डिस्ने यांनीं डिस्नेलँड उघडलें. संत्र्यांच्या बागा काढून मोकळ्या केलेल्या त्या जमिनीभोवतीं मातीचा उंच बांध घातलेला आहे व त्या बांधावरून एक लहानशी आगगाडी फिरते. आंत जाणाऱ्याला रुळांखालच्या दोन बोगद्यांपैकीं एकांतून जावें लागतें. बोगदा कांहीं पावलांचाच. पण तेवढ्या सावलींत मोटारींचा तळ, तिकिटांची खिडकी आणि सकाळपासूनची घाई मागें पडते.

बाहेर पडतांच एक चौक लागतो व त्यापुढें एक रस्ता. तो विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरील एखाद्या लहान अमेरिकन गांवाचा आहे. डिस्ने यांच्या बालपणाचीं कांहीं वर्षें मिसूरींतील मार्सेलिन या गांवीं गेलीं होतीं, त्याची छाया त्यावर पडली आहे. दुकानांचे वरचे मजले खालच्यापेक्षां लहान मापानें बांधलेले आहेत. त्यामुळें इमारती आहेत त्याहून उंच भासतात आणि तरीहि अंगावर येत नाहींत. रस्त्याच्या टोकाला परीकथेंतला राजवाडा दिसतो. तोहि जेमतेम 77 फूट उंचीचा, पण त्याच युक्तीनें तो मोठा वाटतो. कुत्र्याला पुढें न्यावयाचें तर त्याच्यासमोर खाण्याचा तुकडा धरावा, तसा पाहुण्याच्या डोळ्यांसमोर हा राजवाडा धरलेला आहे. अशा खुणेला डिस्ने त्या तुकड्याचेंच नांव देत असत. उपमा फारशी सन्मानाची नव्हे, परंतु खरी आहे.

हा सारा भाग ओलांडतांना मनुष्य एकाहि पाळण्यांत बसलेला नसतो, तरी त्याची चाल बदललेली असते. तो हळू चालूं लागतो, मुलांचा हात सोडतो, अनोळखी माणसाकडे पाहून हंसतो. दाराचें खरें काम तें हेंच. यांत व्यापार नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. बाहेर पडण्याची वाटहि तीच असल्यामुळें, सकाळीं ज्या दुकानांवरून मुलें धांवत पुढें गेलेलीं असतात, त्याच दुकानांशीं संध्याकाळीं तीं थकून थांबतात.

महाराष्ट्रांतहि याचा अनुभव लोकांनीं घेतला आहे. मुंबईजवळ गोराई येथें 1989 सालीं निघालेल्या एस्सेलवर्ल्डला दार म्हणून प्रत्यक्ष खाडीच मिळाली होती. तेथें होडीनें जावें लागे, आणि त्या कांहीं मिनिटांच्या पाण्यानें मुंबई जितकी दूर जाई तितकी ती मैलोगणती रस्त्यानेंहि गेली नसती. त्यांत रचनाकारापेक्षां भूगोलाचीच करामत अधिक होती, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां हाच विचार घेऊन महाराष्ट्राच्या पूर्व टोकाकडे, गोंदिया जिल्ह्यांत जावें. 1 मे 1999 रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा झालेला हा जिल्हा धानाच्या शेतीसाठीं, तलावांसाठीं आणि रानांसाठीं प्रसिद्ध आहे. यंत्रांच्या पाळण्यांसाठीं नव्हे. परंतु येथेंहि दूरदूरचीं कुटुंबें एक-दोन दिवसांची सहल म्हणून येतात, दाराशीं थांबतात, तिकीट काढतात, आणि आंत काय पाहावयाचें याची कल्पना दारावरूनच बांधतात. म्हणून येथील दारांकडे जरा निरखून पाहिलें पाहिजे.

गोंदियाच्या दक्षिणेस सुमारें 65 किलोमीटरवर नवेगांवबांध आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीं कोळू पाटील कोहळी यांनीं डोंगरांच्या मधल्या खिंडी मातीच्या बांधांनीं अडवून हा विस्तीर्ण तलाव केला. तलाव बांधावे कसे आणि त्यांचें पाणी शेतावर न्यावें कसें, हें ज्ञान कोहळी समाजाचें वंशपरंपरागत धन. भोंवतालच्या शिखरांना लोक सात बहिणी म्हणतात. काम तडीस गेलें तें त्यांच्या कृपेनें अशी श्रद्धा आहे, आणि खुद्द कोळू पाटलालाहि कोलासुर देव म्हणून एका शिखरावर ठाणें मिळालें आहे. येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, बांधाच्या पायथ्याशीं उभ्या असलेल्या माणसाला पाणी दिसत नाहीं. गवत वाढलेला उंचवटा तेवढा दिसतो. तो चढून माथ्यावर पाऊल पडलें, म्हणजे एकाएकीं डोंगरापर्यंत पसरलेलें पाणी, त्यावरचा वारा आणि हिवाळा असेल तर बदकांचे थवे, सारें एकदम समोर येतें. अॅनाहाइम येथें बाहेरचें जग झांकण्यासाठीं मातीचा बांध मुद्दाम घालावा लागला. कोळू पाटलानें शेतीच्या पाण्यासाठीं घातलेल्या बांधानें तेंच काम अडीचशें वर्षें आधीं, कोणी न सांगतां केलें. याच तलावाभोंवतीच्या रानाला 1975 सालीं राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. अलीकडे तलावाकांठीं बागा झाल्या, मुलांसाठीं खेळ आले, नौकाविहार आला. त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु बांधावर चढण्यापूर्वींच पाहुण्याला रंगीत फलकांनीं आणि घसरगुंड्यांनीं गांठलें, तर ज्या एका पावलांत नवेगांवबांधची सारी जादू आहे तें पाऊल तो लक्ष न देतांच टाकील. बाग अन्यत्रहि होऊं शकते. तें पाऊल मात्र तेवढ्याच जागीं पडतें.

जिल्ह्याच्या दुसऱ्या कोपऱ्यांत, सालेकसा तालुक्यांत, कचारगड आहे. दरवर्षी माघी पौर्णिमेच्या सुमारास तेथें अनेक प्रांतांतून गोंड लोक यात्रेला येतात. धनेगांवापासून पिवळ्या ध्वजांच्या मागोमाग रानांतून चढत जावयाचें आणि मग डोंगराच्या पोटांतील भव्य गुहेच्या तोंडाशीं पोहोंचावयाचें, असा हा मार्ग. गोंड परंपरा सांगते कीं, कली कंकालीचीं मुलें या गुहेंत कोंडलीं गेलीं होतीं आणि तोंडावर प्रचंड शिळा होती. पारी कुपार लिंगो व जंगो रायताड यांनीं त्यांच्या सुटकेचा ध्यास घेतला. हिरासुका पाटालीर याच्या वाद्याच्या नादानें आंतल्या मुलांना बळ चढलें, शिळा हलली, मुलें सुटलीं, आणि तो वादक स्वतः त्या शिळेखालीं सांपडून गेला. हें दार आंत शिरण्याचें नसून बाहेर येण्याचें आहे, व त्याची किंमत कोणी दिली हें प्रत्येक यात्रेकरूला ठाऊक असतें. त्यामुळें गुहेंत पाऊल ठेवतांना त्याला वेगळी सजावट लागत नाहीं. कथा माहीत नसलेला प्रवासी त्याच तोंडाशीं उभा राहून गुहेची लांबीरुंदी विचारतो. जागा एकच, पण एकासाठीं दार उघडलें आहे व दुसऱ्यासाठीं तें अजून बंदच आहे.

तिसरें दार सर्वांत अवघड. तें नागझिऱ्याचें. गोंदिया आणि भंडारा या दोन्ही जिल्ह्यांत पसरलेलें हें अभयारण्य. चोरखमारा, मंगेझरी, पिटेझरी अशा त्याच्या वाटा. व्यंकटेश माडगूळकर येथें येऊन राहिले, रानांत पायीं हिंडले आणि त्यावर ‘नागझिरा’ हें पुस्तक त्यांनीं लिहिलें. आंतल्या विश्रामगृहांत वर्षानुवर्षें वीज नव्हती. पाहुणा कंदिलाच्या उजेडांत बसे व तलावावर पाणी प्यावयास कोण आलें तें कानांनीं ओळखूं पाही. त्या काळीं अंधार हेंच नागझिऱ्याचें प्रवेशद्वार होतें.

12 डिसेंबर 2013 रोजीं नवेगांव-नागझिरा हा व्याघ्रप्रकल्प झाला. संरक्षणाच्या दृष्टीनें तें योग्यच होतें. पायीं हिंडणें राहिलें नाहीं. गाडी, परवाना, ठराविक वेळ आणि सोबत वाटाड्या असे नियम आले. त्याबरोबर दारावरचा शब्दहि बदलला. बहुतेक व्याघ्रप्रकल्पांच्या दारीं वाघाचें भलें मोठें चित्र असतें, आणि चित्र म्हणजे वचन. डिस्ने यांच्या उद्यानांतील नदींतला पाणघोडा यंत्राचा आहे. होडी आली कीं तो ठरल्या क्षणीं डोकें वर काढतो. तेथें दारानें दिलेलें वचन आंतली यंत्रें पाळूं शकतात. वाघ कोणाचा करार पाळणार? नागझिऱ्यांत जन्मलेला ‘जय’ नांवाचा वाघ 2013 सालीं शेतें, रस्ते, गांवें ओलांडून उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यांत गेला. त्याला पाहण्यासाठीं तेथें गर्दी लोटली, आणि 2016 सालीं तो तेथूनहि दिसेनासा झाला. त्यानें कोणतेंहि दार वापरलें नव्हतें. मे 2023 मध्यें वन विभागानें ब्रह्मपुरीकडील दोन वाघिणी आणून नागझिऱ्यांत सोडल्या. यामुळें वाघांचा वंश वाढेल ही आशा रास्त आहे. परंतु त्या पाहुण्यांसाठीं आणलेल्या नाहींत, हें दाराशींच सांगितलें गेलें पाहिजे.

तसें न झाल्यास काय घडतें? नागपुराहून पहांटे निघालेलें कुटुंब दाराशीं येतें तेंच वाघाची चौकशी करीत. मग गाडी मोरावरून, गव्यावरून, पाणवठ्यावरच्या रानकुत्र्यांवरून पुढें पळविली जाते. मुलगा विचारतो, ‘बाबा, हें कोणतें झाड?’ आणि बाबांचे डोळे रस्त्याच्या वळणावर असल्यामुळें उत्तर मिळत नाहीं. चार तासांनीं तींच माणसें कांहीं दिसलें नाहीं म्हणून परत फिरतात. वस्तुतः तीं फसलीं तीं दाराशीं. रानाचा त्यांत दोष नाहीं. आणि या निराशेचा भार दाराजवळच्या गांवांवर पडतो, कारण गाडी, वाटाड्या, खानावळ यांवर तेथील कित्येकांचा चरितार्थ अवलंबून आहे. वाघ न दिसल्याचा राग मुकाट्यानें ऐकून घेणारा वाटाड्या बहुधा त्याच गांवांतला असतो. त्याच्या बापजाद्यांनीं याच रानांतून मोह वेंचलेला असतो.

मारुती चितमपल्ली नवेगांवबांधला वनाधिकारी होते. तेथील माधवराव पाटील डोंगरवार यांच्या सहवासांत त्यांना तलावावरचे पक्षी कसे कळत गेले, हें त्यांच्या वाचकांना ठाऊक आहे. चितमपल्लींना त्या रानांत नेणारें दार असें एका माणसाच्या रूपानें भेटलें. चोरखमाऱ्याच्या दाराशींहि अशी माणसें आहेत. परवाना तपासला जातो, अडसर वर उचलला जातो, खाकी सदऱ्यांतला तरुण चालकाशेजारीं येऊन बसतो. गाडी सुरू होण्यापूर्वीं त्याच्या हातीं एक-दोन मिनिटें असतात. त्या मिनिटांत त्यानें वाघाचें नांव न काढतां गाडीचें यंत्र बंद करावयास सांगितलें आणि सर्वांना नुसतें ऐकावयास लावलें, तर प्रथम कांहींच ऐकूं येत नाहीं. मग सागाचें वाळलें पान गळाल्याचा आवाज येतो. मग दूर कोठें तरी चितळ ओरडतें, आणि मागल्या बाकावरचा मुलगा आवाज खालीं आणून विचारतो, ‘तें कोण?’