माळरानावरचा संसार

(हीरक महोत्सवानिमित्त विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



अमेरिकेच्या मध्यभागी गवताळ प्रदेशाचा एक अफाट पट्टा आहे. त्याला ‘प्रेअरी’ म्हणतात. १८६२ साली तेथील सरकारने होमस्टेड कायदा केला. जो कोणी पाच वर्षे त्या जमिनीवर राहील आणि ती कसून दाखवील, त्याला १६० एकर जमीन मिळेल, असा तो कायदा होता. हजारो जोडपी गाड्यांत संसार भरून निघाली. झाडे नसल्यामुळे त्यांनी गवताच्या मुळांनी घट्ट धरलेली ढेकळे रचून घरे बांधली. वादळ, टोळधाड आणि दुष्काळ यांना तोंड देत शेती केली. त्यांच्या धैर्याचे कौतुक जगभर झाले. पण एक गोष्ट विसरून चालत नाही. ती भूमी ओसाड नव्हती. तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या वावरणाऱ्या मूळ रहिवाशांना हुसकावून ती रिकामी करण्यात आली होती.

असाच माळ फोडणारे, परंतु कोणालाही न हुसकावणारे एक जोडपे आपल्या शेजारच्या मुलखात होऊन गेले. मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे बाबा, आणि त्यांच्या पत्नी साधनाताई. त्यांचे वरोरा आज चंद्रपूर जिल्ह्यात आहे आणि आपले भिलाई छत्तीसगडात. पण १९५६ पर्यंत वरोरा आणि दुर्ग ही दोन्ही गावे एकाच प्रांतात होती व दोघांची राजधानी नागपूर होती. त्या अर्थाने ही घरचीच गोष्ट आहे.

बाबांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे एका सधन जमीनदार घराण्यात झाला. ते वकील झाले आणि वरोऱ्यात वकिली करू लागले. साधनाताई माहेरच्या इंदू घुले. नागपूरच्या, संस्कृत विद्येची परंपरा असलेल्या घरातल्या. एका लग्नघरी सारे समारंभात दंग असताना ही मुलगी हळूच मागे जाऊन म्हाताऱ्या मोलकरणीला कपडे धुऊ लागत होती. बाबांनी ते पाहिले आणि तिलाच मागणी घातली. १८ डिसेंबर १९४६ रोजी त्यांचा विवाह झाला. सोवळ्याओवळ्याच्या घरातून आलेली ही वधू थोड्याच दिवसांत श्रमाश्रमात, सर्व जातींच्या श्रमिकांबरोबर एका पंगतीत जेवू लागली.

पुढे एका पावसाळी रात्री बाबांना रस्त्याकडेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी दिसला. रोगाने त्याचे शरीर झडत आले होते. बाबा भ्याले आणि घरी पळाले. मग त्या भयाचीच लाज वाटून ते परत गेले. मित्रहो, या गोष्टीत परत जाणे महत्त्वाचे आहे तितकेच पळून जाणेही महत्त्वाचे आहे. थोर माणसांनाही भय वाटते. त्या भयाचे ते पुढे काय करतात, यावर त्यांचे थोरपण ठरते. बाबांनी कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले. संशोधनासाठी स्वतःच्या शरीरात रोगजंतू टोचून घेण्यासही ते तयार झाले. हा निर्णय त्यांच्या एकट्याचा असू शकत नव्हता. घरात विकास आणि प्रकाश ही दोन तान्ही मुले होती. साधनाताईंची संमती नसती, तर पुढचे काहीच घडले नसते.

१९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. सरकारने वरोऱ्याजवळ पन्नास एकर जमीन दिली. ती खडकाळ होती. तिच्यावर खुरटे रान माजले होते आणि साप-विंचवांचा सुळसुळाट होता. कसणाऱ्यांना नको असलेली ती जमीन होती. तिच्यावर राहायला आले सहा कुष्ठरोगी, हे पती-पत्नी, त्यांची दोन मुले, एक लंगडी गाय आणि एक कुत्रा. हाताशी चौदा रुपये होते. १९५१ च्या जूनमध्ये विनोबा भावे यांच्या हस्ते या वसाहतीचा प्रारंभ झाला. त्या वैराण माळाला नाव दिले ‘आनंदवन’. तेव्हा साधनाताई अवघ्या पंचवीस वर्षांच्या होत्या.

पहिला प्रश्न पाण्याचा होता. कुदळ, पहार आणि घमेली घेऊन माणसे खडक फोडू लागली. ती माणसे कशी होती, हे समजून घेतले पाहिजे. कुष्ठरोगात नसा बधिर होतात. हाताला फोड आला, पायात काटा रुतला, तरी कळत नाही. वेदना ही शरीराची पहारेकरीण. तीच नाहीशी झाल्यामुळे साधी जखमही चिघळत जाते आणि बोटे गमवावी लागतात. अशा हातांनी विहीर खणायची, म्हणजे दिवसभर काम करायचे आणि संध्याकाळी प्रत्येकाचे हातपाय डोळ्यांनी तपासायचे. सल्फोन औषधांमुळे हा रोग तोवर बरा होऊ लागला होता. परंतु बऱ्या झालेल्या माणसालाही गाव परत घेत नव्हते. त्याला गोळीइतकीच गरज कामाची होती. म्हणून बाबांनी भीक नाकारली आणि त्यांच्या हाती कुदळ दिली.

विहिरीला पाणी लागले. बांध घातले गेले, माती साचू लागली, धान्य आणि भाजीपाला पिकू लागला. साधनाताई सर्वांचा स्वयंपाक पाहत, गाईंचे करीत, आजाऱ्यांची उस्तवार करीत आणि त्याच अंगणात आपली मुले वाढवीत. बाबांचे नाव सर्वदूर गेले. पण शेतकऱ्याच्या घरी कोणालाही विचारा. नांगर एकाच्या हातात दिसतो, शेती मात्र दोघांची असते. साधनाताईंनी आपल्या आत्मचरित्राला ‘समिधा’ हे नाव दिले. यज्ञात ज्वाला सर्वांना दिसते. समिधा जळत असते म्हणून ती ज्वाला असते.

आता या गोष्टीतला सर्वांत अवघड प्रसंग. भाजी पिकली. ताजी होती, स्वच्छ होती आणि गावाला हवीही होती. पण वरोऱ्याच्या बाजारात ती कोणी घेईना. दुधाचेही तेच झाले. दगड फुटला, पाणी लागले, माती वश झाली. माणसाच्या मनाला मात्र पाझर फुटेना. प्रेअरीवरच्या शेतकऱ्याला टोळ पीक खातील ही चिंता होती. आनंदवनाच्या शेतकऱ्याला आपले पीक कोणी खाणारच नाही ही चिंता होती.

हा पेच सुटला तो उपदेशाने नव्हे. पहिल्या महायुद्धानंतर युरोपात श्रमदानातून शांततेचे काम करणारी ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संघटना निघाली होती. १९५४ च्या सुमारास तिचे देशोदेशींचे तरुण आनंदवनात इमारती बांधायला आले. ते तेथेच राहिले, रुग्णांबरोबर राबले आणि तेथले अन्न जेवले. वरोऱ्याच्या लोकांनी हे पाहिले. हळूहळू एकेक गिऱ्हाईक आनंदवनाच्या भाजीकडे वळले. पुढे १९६४ मध्ये आनंदवनात आनंद निकेतन महाविद्यालय सुरू झाले. ज्या गावाने तेथली भाजी नाकारली होती, त्याच गावाची मुले शिकण्यासाठी तेथे जाऊ लागली.

या दांपत्याचे माळ फोडणे तेथेच थांबले नाही. मूलजवळ सोमनाथ येथे शेतीचा प्रकल्प उभा राहिला. १९७३ मध्ये हेमलकसा येथे माडिया गोंड बांधवांसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. पाठीच्या मणक्यांच्या विकाराने बाबांना बसणे अशक्य झाले. ते उभे राहत किंवा आडवे पडत. तशा अवस्थेत, १९९० मध्ये, उभारलेले सारे मागे ठेवून दोघे नर्मदेच्या काठी कसरावदला राहायला गेले, कारण धरणाने उठवल्या जाणाऱ्यांच्या बाजूने त्यांना उभे राहायचे होते. ९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबा गेले. त्यांचा देह आनंदवनाच्या मातीतच ठेवण्यात आला. ९ जुलै २०११ रोजी साधनाताईही गेल्या.

भिलाईच्या मराठी घरांना ही गोष्ट परकी वाटू नये. १९५५ च्या करारानंतर येथे पोलाद कारखाना उभा राहू लागला आणि १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली. तेव्हा ठिकठिकाणांहून माणसे या उघड्या मैदानावर संसार मांडायला आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. शेजारी कोणत्या भाषेचा, कोणत्या जातीचा, कोणत्या मुलखाचा, हे बाजूला ठेवून एकमेकांच्या घरची भाजी घेता आली, म्हणूनच येथे वस्ती झाली. आणि ज्या गावकऱ्यांच्या शेतांवर हा कारखाना उभा आहे, त्यांचे ऋणही विसरण्याजोगे नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या वाट्याला खडक फोडणे कदाचित येणार नाही. पण मधल्या सुट्टीत डबा उघडताना कोणाच्या शेजारी बसायचे आणि कोणाच्या डब्यातला घास घ्यायचा, हा प्रश्न रोज येईल. वर्गात असा एखादा मुलगा असतो, ज्याच्याजवळ कोणी बसत नाही. वरोऱ्याच्या बाजारात जो पहिला मनुष्य आनंदवनाच्या भाजीपाशी थांबला, त्याचे नाव इतिहासाने लिहून ठेवलेले नाही. ते काम नाव नसलेल्यांनाही करता येते. उद्याच्या मधल्या सुट्टीत तुमच्यापैकी कोणीतरी ते करावे, एवढीच या हीरक महोत्सवी वर्षातली अपेक्षा.

जय हिंद.